मांसल वनस्पतींचा परिवार – लेखांक ७ : पिठ्या ढेकूण आणि त्याचे सोबती

मागील लेखांकात माती आणि पाणी यांचे विवेचन करताना एक प्रश्न आम्ही मुद्दाम तहकूब ठेवला होता. माती निचऱ्याची, ऊन बेताचे, पाणी मोजके, असे सर्व यथास्थित असूनही एखाद्या जेडच्या पानांची तकाकी ओसरू लागते, एचेव्हेरियाच्या गेंदातले नवे पान वाकडे उमलते, आणि कुंडीखालच्या फरशीवर बोटाला लागेल असा चिकट थर साचतो, तो कशामुळे? या थराचे कारण बहुधा रसशोषक कीड हेच असते. वनस्पतीच्या रसात शर्करा विपुल आणि नत्र अत्यल्प. त्यामुळे पोटापुरते नत्र मिळविण्यासाठी कीटकाला रस अतोनात प्यावा लागतो आणि त्यातली जादा शर्करा गोड स्रावाच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. आपले शेतकरी यालाच चिकटा म्हणतात. त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते आणि मुंग्यांची रहदारी सुरू होते. मुंग्या झाडाचे प्रत्यक्ष नुकसान करीत नाहीत; पण या गोडव्याच्या मोबदल्यात त्या किडीच्या शत्रूंना पिटाळून लावतात. म्हणून कुंडीवर मुंग्यांची रांग चढताना दिसताच झाडाची झडती घ्यावी.

झडतीत बहुतेक वेळा सापडतो तो पिठ्या ढेकूण. तीन-चार मिलिमीटर लांबीचा, पिठात घोळल्यासारखा हा मऊ कीटक पानांच्या बेचक्यात, गेंदाच्या गाभ्यात, निवडुंगाच्या काट्यांच्या बुडाशी, म्हणजे जेथे नजर आणि वारा दोन्ही पोचत नाहीत अशा जागी मुक्काम करतो. नवख्या संग्राहकांची येथे उलट दिशेनेही फसगत होते. एचेव्हेरियाच्या अनेक जातींच्या पानांवर निसर्गतःच मेणाची शुभ्र भुकटी असते आणि ती रोग समजून पुसून टाकण्याचा उत्साह कित्येकांना होतो. ही भुकटी पानावर सर्वत्र सारखी पसरलेली असते; किडीचा कापूस मात्र सांधीकोपऱ्यात पुंजक्यांनी असतो आणि काडीने उसकल्यास त्यात गुलाबी किंवा पिवळसर अंडी अथवा जिवंत हालचाल दिसते. पुसलेली भुकटी त्या पानावर पुन्हा पूर्ववत येत नाही, म्हणून आधी खात्री आणि मग कारवाई.

बंदोबस्ताचा विचार करण्यापूर्वी या कीटकाचे चरित्र समजून घेणे अवश्य आहे, कारण पुष्कळांचे प्रयत्न औषध कमजोर म्हणून नव्हे, तर ते एकदाच मारले म्हणून वाया जातात. लिंबूवर्गीय झाडांवरचा पिठ्या ढेकूण मांसल वनस्पतींवरही सर्रास आढळतो. त्याची मादी कापसासारख्या पिशवीत काही शेकडा अंडी घालते. उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत त्यांतून पिल्ले बाहेर पडतात. ही रांगणारी पिल्ले अगदी बारीक, फिरती आणि जवळजवळ उघडी असतात. पुढे त्यांच्या अंगावर मेण चढते आणि मग पाण्यातील औषध त्यांच्यावरून ओघळून जाते. अर्थात आज दिसणारे सारे ढेकूण मारले तरी पिशवीतील अंडी सुरक्षित राहतात. तेव्हा दर सात दिवसांनी, किमान चार वेळा, तोच उपचार नेटाने करावा. प्रत्येक खेपेस नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले मेण चढण्यापूर्वी सापडतात.

उपचारही साधाच आहे. औषधविक्रेत्याकडे मिळणाऱ्या सर्जिकल स्पिरिटात कापसाचा बोळा किंवा बारीक कुंचला बुडवून प्रत्येक पुंजक्याला नेमका लावावा. मद्यार्क मेण भेदून कीटकाला मारतो. काम सायंकाळी करावे आणि स्पिरिट उडून जाईपर्यंत झाड उन्हात ठेवू नये. निंबोळी तेल आणि साबणाचे पाणी यांची शिफारस सर्वत्र होते, पण ती सरसकट स्वीकारण्यास आम्ही तयार नाही. जेडसारख्या क्रासुला जाती आणि कलांचो यांना तेल व साबण सोसत नाहीत, पानांवर डाग पडतात. भुकटीच्या जातींची शोभा तेलाने जाते ती वेगळीच. वापरायचेच झाल्यास एका पानावर आधी परीक्षा पाहावी. शेतातील तीव्र कीटकनाशके तर घरच्या सज्जात, मुलामाणसांच्या वावरात, आणूच नयेत.

मुळांवरील पिठ्या ढेकूण याहून कपटी, कारण तो मातीच्या आड राहतो. हॉवर्थियासारखे झाड कारणावाचून रोडावले तर ते कुंडीतून उपसून पाहावे. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूस निळसर पांढरी भुकटी दिसल्यास जुनी माती घराबाहेर टाकावी, मुळे धुऊन सडलेली छाटावीत, झाड सावलीत काही दिवस सुकू द्यावे आणि धुतलेल्या कुंडीत नव्या मातीत लावावे. इतर मंडळींचा निकाल थोडक्यात सांगता येईल. फुलांच्या दांड्यावर मावा दिसला तर दांडाच कापावा. खवले कीड नखाने किंवा जुन्या दंतकुंचल्याने खरवडावी. पाने निस्तेज होऊन त्यांवर बारीक जाळी दिसू लागली तर तो लाल कोळी. हा आठ पायांचा, म्हणून कीटक नव्हेच, आणि चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत तो माजतो, पाण्याच्या फवाऱ्याने हटतो.

पिठ्या ढेकणाच्या कुळाशी आपल्या देशाचा संबंध मात्र केवळ वैराचा नाही. पिठ्या ढेकणाचे भाऊबंद असलेले कोचिनील कीटक लाल रंगासाठी प्रसिद्ध. ईस्ट इंडिया कंपनीला हा रंग स्वतः पिकवायचा होता, म्हणून 1795 साली ब्राझीलहून कीटक आणविण्यात आले. ते निघाले भलत्याच जातीचे, रंग हलका उतरला, परंतु त्यांनी निवडुंगाचा फडशा पाडला. पुढे 1926 साली सिलोनातून आणलेल्या दुसऱ्या जातीने दक्षिण हिंदुस्थानात शेते आणि गायराने व्यापून बसलेल्या फड्या निवडुंगाचे उच्चाटन केले. मनुष्याला जे झाड नकोसे होते त्यावर हीच कीड उपकारक ठरली. कुंडीतल्या निवडुंगावर तिला आपण शत्रू म्हणतो.

दुसरा उपकारकर्ता 1898 साली ऑस्ट्रेलियातून आणलेला क्रिप्टोलिमस नावाचा काळसर देहाचा, नारिंगी डोक्याचा भुंगेरा. द्राक्षबागायतदार त्याला बागेत सोडतात, कारण त्याची अळी मुख्यतः पिठ्या ढेकणावर जगते. तिचा वेषही हुबेहूब पिठ्या ढेकणासारखाच, पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांचा. म्हणून कित्येक जण तिलाच चिरडून टाकतात. ती पुष्कळ मोठी असते, झुपके लांब असतात आणि ती चपळ चालते, एवढी ओळख पुरे. मात्र अशा अळ्या सज्जातील चार कुंड्यांसाठी मागविण्याचा खटाटोप आम्ही सुचवीत नाही. खाद्य संपताच त्या उपाशी मरतात किंवा निघून जातात. आपण होऊन आली तर तिला अभय द्यावे, इतकेच.

कीड घरात येते ती बहुधा रोपवाटिकेतून किंवा स्नेह्याने दिलेल्या फांदीतून. म्हणून नवे रोप महिनाभर इतरांपासून दूर, निराळ्या जागी ठेवावे. तेवढ्या मुदतीत लपलेली अंडी फुटून पिल्ले दिसू लागतात. नत्रयुक्त खताचा भडिमारही टाळावा, कारण त्याने फुटणारी लुसलुशीत पालवी किडीला विशेष प्रिय असते. पावसाळ्यात कुंड्या आडोशाला एकमेकींना चिकटवून ठेवण्याची रीत घरोघर आहे. त्यांत बोटभर तरी अंतर राहू द्यावे. आणि वाचकांना एक विनंती: आपल्या जेडची फांदी शेजाऱ्यास देण्यापूर्वी तिची प्रत्येक बेचकी एकदा उजेडात तपासून मगच ती द्यावी.