वेंधळेपणा की डिस्प्रॅक्सिया?

'वेंधळा', 'धांदरट', 'हाताला वळण नाही' ही विशेषणे मला लहानपणापासून मिळत आली आहेत. बुटाची नाडी बांधायला मी चौथीत शिकलो. सायकल अजून येत नाही. माझे अक्षर पाहून परीक्षक आधीच दोन गुण कापून ठेवीत असावेत, असा माझा दाट संशय आहे! गेल्या वर्षी तपासणी झाली व या साऱ्याला डिस्प्रॅक्सिया हे नाव मिळाले.

डॉक्टरांच्या भाषेत तो 'डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर'. शाळकरी वयाच्या शंभर मुलांत साधारण पाच-सहा जणांत तो आढळतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत मोठेपणीही टिकतो. यात स्नायू धडधाकट असतात, बुद्धीही इतरांसारखीच असते. अडते ते हालचालींची आखणी आणि जुळणी करताना. आपल्या रसायनाच्या प्रयोगशाळेतले टायट्रेशनच घ्या. एका हाताने ब्यूरेटची तोटी फिरवायची, दुसऱ्याने फ्लास्क हलवायचा, नजर रंगावर ठेवायची. इतरांना चार दिवसांत हे अंगवळणी पडते आणि डोके विचाराला मोकळे राहते. मला मात्र प्रत्येक थेंबामागे हातांकडे लक्ष द्यावे लागते. तासाला टिपणे घेतानाही तीच गत: अक्षर सांभाळले की व्याख्यान निसटते. सुदैवाने शेजारच्या बाकावरचा कन्नड मित्र आपली वही देतो.

अर्थात, प्रत्येक गचाळ अक्षरामागे डिस्प्रॅक्सिया नसतो. दृष्टिदोष वा मज्जासंस्थेचा अन्य विकार नाही ना, हे तज्ज्ञांनीच पाहावे लागते.

यावर औषध नाही. जे काम जमत नाही त्याचे तुकडे पाडून तेच काम पुनःपुन्हा करणे उपयोगी पडते. व्यवसायोपचारतज्ज्ञ ते शिकवितात. 'जरा घाई कर' या सूचनेने मात्र हात अधिकच थरथरतो.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या अनुसूचीत, विशिष्ट अध्ययन अक्षमतांमध्ये, डिस्प्रॅक्सियाचा नावानिशी उल्लेख आहे, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. प्राध्यापकवर्गाला माझी विनंती एवढीच: जर्नल टंकलिखित स्वीकारावे, प्रात्यक्षिकाला थोडा जादा वेळ द्यावा, कृती एकदम न सांगता एकेक पायरी करून दाखवावी आणि त्या वेळी पाठीमागे उभे राहू नये. वर्गमित्रांनी फ्लास्क धरला तर आकडेमोड मी आनंदाने करीन.