विश्लेषण : कामवाली ‘घरच्यासारखी’, पण घरची का नाही? मेक्सिकोचा ‘रोमा’ काय सांगतो?

‘आमच्या मावशी अगदी घरच्यासारख्या आहेत,’ हे वाक्य औरंगपुऱ्यातल्या कुठल्याही जुन्या वाड्यात किंवा नव्या अपार्टमेंटमध्ये सहज ऐकू येते. ‘घरच्यासारखी’ आणि ‘घरची’ यांत किती अंतर असते, हे मेक्सिकोचे दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन यांनी २०१८ मध्ये ‘रोमा’ या स्पॅनिश चित्रपटातून दाखवले. वेनिस महोत्सवात ‘गोल्डन लायन’ आणि पुढे तीन ऑस्कर मिळवणारा हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला.

नावाचा अर्थ काय?

इटलीतल्या रोमशी याचा संबंध नाही. रोमा ही मेक्सिको सिटीतली मध्यमवर्गीय वसाहत. मराठी चित्रपटाला ‘औरंगपुरा’ नाव द्यावे, तसेच हे. क्वारोन यांचे बालपण तिथेच गेले. त्यांना लहानपणी सांभाळणाऱ्या लिबो यांच्यावर चित्रपटातली क्लिओ बेतली असून चित्रपटही त्यांनाच अर्पण केला आहे.

गोष्ट काय आहे?

काळ १९७०-७१चा. क्लिओ ही मिश्तेक आदिवासी तरुणी एका डॉक्टरच्या घरी राहून काम करते. रात्री सगळे टीव्ही पाहत बसलेले असतात. क्लिओही जवळ बसते, एक मुलगा तिला बिलगतो. तेवढ्यात तिला डॉक्टरसाठी चहा आणायला उठवले जाते. माया खरी असते, पण हुकूमही तितकाच खरा असतो.

१० जून १९७१ रोजी गरोदर क्लिओ पाळणा घ्यायला फर्निचरच्या दुकानात जाते. त्याच वेळी खाली रस्त्यावर विद्यार्थ्यांच्या मोर्चावर सशस्त्र टोळी तुटून पडते. ही घटना खरोखर घडलेली आहे. कृष्णधवल चित्रपटाला वेगळे पार्श्वसंगीत नाही. फेरीवाल्यांच्या आरोळ्या, कुत्र्यांचे भुंकणे आणि विमानांची घरघर यांतूनच शहर ऐकू येते.

मराठीशी नाते कोणते?

‘कोर्ट’चे दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांना रोलेक्सच्या गुरू-शिष्य उपक्रमात क्वारोन यांचे मार्गदर्शन मिळाले. ‘रोमा’चे चित्रीकरणही त्यांनी जवळून पाहिले. त्यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटाचे क्वारोन कार्यकारी निर्माते होते. २०२० मध्ये त्याला वेनिसमध्ये सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला.

पडद्याबाहेर काय बदलले?

‘रोमा’ नेटफ्लिक्सवर आला त्याच महिन्यात, डिसेंबर २०१८ मध्ये, मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने घरेलू कामगारांना सक्तीच्या सामाजिक सुरक्षेतून वगळणे घटनाबाह्य ठरवले. हा निकाल चित्रपटामुळे लागला नाही, मात्र या प्रश्नाला चित्रपटाने चेहरा दिला. २०२० मध्ये मेक्सिकोने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या घरेलू कामगारांविषयीच्या १८९ क्रमांकाच्या करारालाही मान्यता दिली.

आपल्याकडे काय स्थिती?

महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. मंडळाचे लाभ घेण्यासाठी नोंदणी आवश्यक असते. करार क्रमांक १८९ला भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरेलू कामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले.

मग मुद्दा काय?

शेवटी क्लिओ समुद्रात बुडणाऱ्या मुलांना वाचवते. सगळे तिला कवटाळतात. घरी परतल्यावर ती पुन्हा जिना चढून कामाला लागते. सणाला साडी आणि घासातला घास देणाऱ्या घरांनाही हा शेवट प्रश्न विचारतो: मावशींची आठवड्याची सुट्टी ठरलेली आहे का? आजारपणात पगार कापला जातो का? मंडळाकडे त्यांची नोंदणी झाली आहे का?