अडून बसलेला ऑइल फिल्टर

मागच्या रविवारी सकाळी मी माझ्या जुन्या मोटारीचे तेल बदलायला अंगणात बसलो. काळे तेल घमेल्यात उतरले, पण तेलाचा फिल्टर काही केल्या हलेना. पिरगाळून पिरगाळून तळहात लाल झाले. शेवटी चिडून मी डब्यात आरपार स्क्रू-ड्रायव्हर ठोकला आणि जोर लावला. पत्रा टरकन फाटला. फिल्टर जागच्या जागी! मंडळी, हा फिल्टर मागच्या खेपेला इतका आवळून बसवला होता कोणी? दुसऱ्या कोणी नाही, मीच.

इंजिनातले तेल गाळण्याची कल्पना जुनी आहे. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी मोटारीसाठी अशी गाळणी तयार केली. पुढे १९५० नंतरच्या दशकात आखा डबाच फिरवून काढण्याची सोय झाली. आज कित्येक मोटारींना आणि ट्रॅक्टरना असाच डबा असतो. आत घड्या घातलेला कागद, मध्ये आटे आणि तोंडाशी एक रबरी वॉशर.

सारे भांडण या वॉशरचे असते. तो कोरडाच बसवला आणि वर पान्याने आवळला, की रबर दोन धातूंच्या मध्ये चेपते. मग महिनोन् महिने इंजिनाची उष्णता लागून ते घट्ट चिकटते. लोणच्याच्या बरणीचे झाकण अडते ना, तसेच. तिथे आपण काय करतो? हात पुसतो आणि फडके धरतो. इथेही जोरापेक्षा पकड महत्त्वाची.

आधी गाडी सपाट जागी लावा, हातब्रेक ओढा, चाकांना दगडांची उटी द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. इंजिन कोमट असावे. कढत तेलाने हात भाजतो. डबा चिंधीने कोरडा पुसा. त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा काचकागद गुंडाळा आणि डब्याच्या बुडाकडून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा. गाडीखाली उताणे पडले, की दिशा हटकून चुकते आणि आपण तो आणखी आवळत बसतो! एवढ्याने भागले नाही, तर पट्ट्याचा किंवा साखळीचा पाना आणा. तो डब्याच्या मुळाशी, इंजिनाच्या बाजूला लावा. तिथे आतून जाड चकती असते, त्यामुळे डबा चेपत नाही.

स्क्रू-ड्रायव्हर हा अगदी शेवटचा उपाय. माझ्यासारखा पत्रा फाटलाच, तर घाबरू नका. उरलेल्या चकतीच्या काठाला छिन्नी तिरपी लावून, उलट दिशेने हातोडीचे हलके ठोके द्या. माझा फिल्टर असाच तासाभराने सुटला. मात्र इंजिनाच्या तोंडावर ओरखडा पडू देऊ नका. तेथूनच पुढे तेल गळते.

आता खरे महत्त्वाचे. जुना वॉशर डब्याबरोबर आला की नाही, ते बोट फिरवून पाहा. तो मागे राहिला आणि त्यावर नवा बसला, तर इंजिन सुरू होताच तेलाची पिचकारी उडते. थोड्याच वेळात इंजिन कोरडे पडून जाम होते. मग नव्या वॉशरला बोटाने ताजे तेल लावा. डबा हाताने फिरवा, आणि वॉशर टेकला की साधारण पाऊण फेरा आणखी द्या. डब्यावर वेगळे लिहिले असेल तर ते माना. पाना मात्र दूर ठेवा.

नवे तेल भरून इंजिन सुरू करा. तेलाचा लाल दिवा काही क्षणांत विझला पाहिजे. न विझल्यास लगेच बंद करा. खाली वाकून गळती पाहा, मग इंजिन बंद करून थोड्या वेळाने पट्टी काढून तेल तपासा. आणि ते घमेल्यातले काळे तेल? बांधावर किंवा ओढ्यात ओतू नका. थोडेसे तेलही पुष्कळ पाणी नासवते. डब्यात भरून जुने तेल गोळा करणाऱ्याकडे द्या.

शिक्षक मित्रांनी हा सुटलेला डबा वर्गात जरूर न्यावा. आटे, घर्षण आणि उष्णता हे तिन्ही धडे त्यात आहेत. चौथा मी गिरवला तो असा: आज आपण जसे बसवतो, तसेच उद्या आपल्याला काढावे लागते.