येतो म्हणून गेले

आपल्याकडे घरातून निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. हा संकेत अमेरिकेतही पाळला जात असावा, अशी शंका मला २०१२ सालच्या नवरात्रात मिरजेत बसल्या बसल्या आली.

आमचे हे कंपनीच्या कामावर दोन वर्षे तिकडे राहून मार्च २०११ मध्ये परतले होते. पुन्हा बोलावणे आले. या खेपेला कॉलेजातून बिनपगारी रजा काढून मीही जाणार होते. दिवाळीनंतर मुंबईला दोघांची एकाच दिवशी मुलाखत. माझा व्हिसा यांच्या व्हिशाला बांधलेला. अर्ज भरायला म्हणून जुना पासपोर्ट उघडला, तो आत टाचलेले एक पांढरे कार्ड.

“हे काय हो?”

“आय-९४. तिथे उतरल्यावर देतात.”

“आणि निघताना?”

हे गप्प. निघताना ते परत करायचे असते!

मुंबईच्या विमानतळावर देश सोडताना अधिकारी शिक्का मारतो. अमेरिकेत अशी खिडकीच नाही. विमान कंपनी तेव्हा ते कार्ड काढून घेई, प्रवाशांची यादी सरकारकडे धाडी, आणि त्यावरून माणूस गेला असे धरत. पण ह्यांनी चुलतभावाच्या मोटारीतून नायगाऱ्याचा पूल ओलांडला आणि टोरांटोला विमान धरले. कार्ड पुलापलीकडे कॅनडाच्या अधिकाऱ्याच्या हाती द्यायचे होते. मात्र पूर्वी धबधबा पाहायला गेले तेव्हा, लगेच परतायचे म्हणून, ते जवळच ठेवले होते. तीच सवय नडली.

राहण्याची परवानगी जून २०११ ला संपलेली. म्हणजे कागदोपत्री हे अजून तिथेच, तेही चोरून! वर्षभर किंवा त्याहून अधिक बेकायदा राहिलेल्याला १९९६ च्या कायद्याने दहा वर्षे दार बंद. सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, हा तर माझ्यासमोर पाटावर बसून जेवतोय!” त्यांचे खरेच होते, पण पाट पाकिटात कसा घालावा?

मग घर उलथेपालथे केले. कॅनडात शिरल्याचा आणि मुंबईत उतरल्याचा, असे दोन शिक्के पासपोर्टात होते. एप्रिल २०११ पासूनच्या इथल्या पगाराच्या पावत्या आणि बँकेचे पासबुक मिळाले. विमानाचा बोर्डिंग पास मात्र तीन दिवस छळत होता. अखेर सापडला तो माझ्याच व्याकरणाच्या पुस्तकात, खूण म्हणून घातलेला. यांना दोष देण्याची उत्तम संधी हातची गेली.

पत्राचा मसुदा मी केला, दीड पानांचा. ह्यांनी तो चार ओळींवर आणला: तारीख, पूल, विमान, सही. मूळ कार्ड आणि सगळ्यांच्या झेरॉक्स प्रती पाकिटात घातल्या. दुसरा संच मुलाखतीसाठी ठेवला. अशी कार्डे धाडण्याचा पत्ता त्या वेळी केंटकी राज्यातल्या लंडन गावचा होता. पोस्टातले गृहस्थ चष्मा वर करून म्हणाले, “वर लंडन, खाली अमेरिका. बाई, काहीतरी एकच ठेवा!”

(२०१३ पासून विमानाने जाणाऱ्यांसाठी कागदी कार्ड बंद झाले, नोंद संगणकात गेली. त्याच वर्षापासून आपल्यासारखे परदेशी प्रवासी पूल ओलांडून आले की कॅनडा अमेरिकेला कळवू लागला. मेक्सिकोच्या रस्त्याने बाहेर पडणाऱ्याने मात्र आपले शिक्के आजही जपावेत.)

महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठली. रात्रभर फाइल माझ्या उशाखाली होती. वांद्र्याला काचेआडच्या अधिकाऱ्याने ह्यांना विचारले, “मागच्या वेळी अमेरिका कधी सोडलीत?” ह्यांनी तारीख सांगितली, पूल सांगितला. मी फाइल सरकवली. त्याने दोन शिक्के आणि बोर्डिंग पास पाहिला. पगाराच्या पावत्यांना हातसुद्धा लावला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तुम्ही काय शिकवता?”

“मराठी.”

त्याने दोघांचे पासपोर्ट ठेवून घेतले. ठेवून घेतले म्हणजे झाले, हे बाहेर आल्यावर ह्यांनी मला समजावले. तोवर माझे पाय कापत होते.

वर्षाने परतलो ते थेट विमानाने. दोघांचे बोर्डिंग पास त्याच पुस्तकात आहेत, क्रियापदांच्या प्रकरणात.