गावाचं नाव कुणाच्या तोंडून ऐकायचं?

मारुंजी, हिंजवडी, माण ही मुळशी तालुक्यातली शेजारपाजारची गावं. आयटी पार्क आलं आणि गेल्या पंचवीसेक वर्षांत ही नावं गावकऱ्यांपेक्षा रिक्षावाल्यांच्या आणि मोबाइलच्या तोंडी जास्त बसली. हिंजवडीची 'हिंजेवाडी' झाली ती याच काळात. एक मात्रा आणि एक काना वाढला, आणि मुळात नसलेली वाडी गावाच्या गळ्यात पडली. माणचा ण रोमन लिपीत टिकतच नाही. साताऱ्याकडचा माण तालुकाही त्याच अक्षरांत लिहिला जातो.

गोंधळ जुनाच. साहेबानं खडकीचं 'किरकी' केलं, पुण्याचं 'पूना'. तिकडे आयर्लंडात नकाशांसाठी 1824 पासून जमिनीची मोजणी सुरू झाली, तेव्हा जॉन ओ'डोनोव्हन हा जाणकार गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारून नावांची आयरिश रूपं टिपून ठेवी. नकाशावर उतरलं ते इंग्रजी वळणच. पण टिपणं राहिली. म्हणून 'किल'नं सुरू होणाऱ्या गावात मूळ चर्च होतं की रान, हे आज पणजोबांचं गाव शोधणाऱ्याला ताडून पाहता येतं. त्या मोजणीसाठी तिचा प्रमुख कोल्बी यानं बनवलेल्या धातूच्या मोजपट्ट्या 1830 मध्ये हिंदुस्थानची मोजणी करणारा एव्हरेस्ट इकडे घेऊन आला. पट्ट्या आल्या, ओ'डोनोव्हन काही आला नाही!

नावं अशी बिघडल्याची झळ परदेशी गेलेल्यांना जास्त. 1834 नंतर गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून मॉरिशसला गेलेल्यांत मराठी माणसंही होती. त्यांच्या नोंदी तिथल्या मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत, पण रोमन लिपीत. रत्नागिरीचं तेव्हाचं इंग्रजी रूप 'रटनाघेरी'च्या वळणाचं. लहानशा खेड्याचं काय होत असेल! अशी नोंद डोळ्यांनी वाचून उपयोग नाही, मोठ्यानं म्हणून पाहावी लागते.

कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंचं त्या मानानं बरं. पेणकर, रोहेकर, नवगावकर; गाव आडनावातच बांधून घेतलेलं. तरी त्यांचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या आडनावात अलिबागजवळच्या किहीमचा 'कि' 'के' होऊन बसलाच.

आपल्याकडे पूर्वजांचा शोध घेणाऱ्यानं आधी नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे जावं. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की नामावळीची वही निघते. नोंद मोडीत असली तर ऱ्हस्व-दीर्घ आपणच लावून घ्यायचं, कारण मोडीत तो भेद पाळत नाहीत. पण गाव सांगणारा आपला पूर्वज होता आणि लिहून घेणाऱ्याच्या कानाला ण-ळ परके नव्हते. सरकारी नकाशापेक्षा माझा भरवसा या वह्यांवर जास्त.