पाच घरांचा डॉक्टर

2021 साली अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जागा शंभर. रायगड जिल्ह्यातलं हे पहिलं सरकारी मेडिकल कॉलेज. तोवर या किनाऱ्यावर कुणाची प्रकृती गंभीर झाली की घरच्यांना एकच मार्ग ठाऊक होता: मुंबईला हलवा. मुरूड असो की श्रीवर्धन, रस्त्याने हलवायचं म्हणजे लांबचा पल्ला, आणि पावसाळ्यातल्या मुंबई-गोवा महामार्गाविषयी न बोललेलंच बरं.

कॉलेज आलं याचा जिल्ह्याला आनंद झाला तो रास्तच. पण कॉलेज जिल्ह्यात आलं की डॉक्टर गावात येतो, असं काही नाही. एमबीबीएस झालेला मुलगा बॉण्डचं वर्ष काढायला प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होतो, तेव्हा बॅगेत नीट-पीजीची पुस्तकं असतात. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मोठ्या इस्पितळात तो शिकलेला असतो. तिथे शंका आली तर सीनियर, खात्री करायची तर लॅब, तरी अडलं तर सीटी स्कॅन. आरोग्य केंद्रात नर्सताई, आशाताई आणि औषधांचं कपाट. डोंगराळ आणि आदिवासी भागात एका केंद्रामागे वीस हजार लोकसंख्या हा सरकारचा निकष. शिकवलं एक आणि परीक्षेत आलं भलतंच, अशी त्याची गत होते.

ही गफलत सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने फार लवकर ओळखली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी हे कॉलेज काढलं. गांधीजींच्या डॉक्टर म्हणून त्या आश्रमात राहिल्या होत्या, पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या. त्यांना दिल्ली-मुंबईत कॉलेज काढणं अवघड नव्हतं. त्यांनी ते वर्ध्याजवळच्या खेड्यात, आश्रमाशेजारच्या कस्तुरबा रुग्णालयाला जोडून काढलं. खर्चाचा निम्मा भार केंद्राचा, पाव राज्याचा, पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीचा.

सेवाग्रामची खादी, प्रार्थना, श्रमदान यांवर बरंच लिहिलं गेलंय. नीट येण्याआधी तिथल्या प्रवेश परीक्षेत गांधीविचारांचा स्वतंत्र पेपर असे, तो पाठ करून पास होणारेही असणारच. मला त्या कॉलेजातली मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. पहिल्या वर्षाची अख्खी बॅच एक गाव दत्तक घेते. पंधरा दिवस मुलं त्या गावात मुक्काम करतात. प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच घरं येतात, आणि शिबिर संपलं तरी ती घरं सुटत नाहीत. पुढली वर्षं त्याच घरी जात राहायचं. वजनं घ्यायची, बीपी मोजायचं, लसी राहिल्यात का बघायचं, पाणी कुठून येतं ते विचारायचं. वॉर्डात रुग्ण तीन दिवस दिसतो आणि केसपेपरबरोबर विस्मरणात जातो. इथे सून गरोदर असताना भेटलेला विद्यार्थी तिच्या पोराला चालताना बघतो. आजोबांनी बीपीची गोळी मध्येच का सोडली, याचं उत्तर त्याला औषधशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. ते त्या घराच्या महिन्याच्या हिशेबात सापडतं.

तिथल्याच मेडिसिन विभागातले डॉ. उल्हास जाजू यांनी या हिशेबाला थेट हात घातला. सुगीनंतर गावाने ज्वारी जमा करायची, ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, आणि त्या बदल्यात कस्तुरबा रुग्णालयात उपचार मोफत किंवा सवलतीत. विम्याचा हप्ता पायलीने मोजला जात होता. मेडिकल कॉलेजातल्या प्राध्यापकाने विम्याचं गणित गावच्या खळ्यावर बसून मांडावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हे सगळं सरकारलाही सुचलं नव्हतं असं नाही. 1977 मध्ये ‘रोम’ नावाची योजना आली, तिच्यानुसार प्रत्येक मेडिकल कॉलेजने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं सांभाळायची होती. बहुतेक ठिकाणी ती कागदावर राहिली.

सेवाग्राम अलिबागपासून फार लांब, तिकडचं वारं इकडे कुठून येणार, असं कुणी म्हणेल. त्याने महाड तालुक्यातल्या बिरवाडीकडे बघावं. 1976 मध्ये तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातले, शिक्षण नागपूरचं. कोकणातला लाल विंचू त्यांच्या अभ्यासक्रमात जवळजवळ नव्हताच. इथे मात्र गवताचा भारा उचलताना, दगड हलवताना, चपलेत पाय घालताना लोकांना तो चावत होता. विंचू उतरवणाऱ्याकडे जाऊन मग माणसं दवाखान्यात येत आणि डोळ्यांदेखत दगावत.

बावस्करांनी केलं ते सांगायला साधं आहे. रुग्णाला चिठ्ठी देऊन वरच्या इस्पितळात न धाडता ते खाटेजवळ बसून राहिले. तासातासाला नाडी, रक्तदाब, छातीतले आवाज टिपत गेले. हळूहळू चित्र दिसू लागलं. नुसता ठणका लागून जो ओरडतोय तो बहुधा निभावतो. ज्याला दरदरून घाम फुटलाय, उलट्या होतायत, हातपाय गार पडलेत, त्याच्या जिवाला धोका. विषामुळे शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरतं. शेवटी गुलाबी फेस तोंडाला येतो. ही पूर्वलक्षणं त्यांनी 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली.

मग औषध. प्राझोसिन ही उच्च रक्तदाबाची स्वस्त गोळी. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. रुग्णाला झोपवून गोळी द्यायची, आणि हातपाय कोरडे, उबदार होईपर्यंत ठरावीक तासांनी पुन्हा द्यायची. गोळी काम करतेय की नाही हे डॉक्टर रुग्णाच्या तळपायाला हात लावून ओळखतो. वीज गेली तरी हा उपचार थांबत नाही. (घरच्या घरी करण्याचा मात्र हा प्रयोग नाही, या गोळीने रक्तदाब एकदम घसरू शकतो.) पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी 1986 मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. गंभीर रुग्णांमध्ये शंभरी तीस-चाळीस मृत्यू होत, ते एकाच्या आसपास आले. पुढे 2011 मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या चाचणीत 70 रुग्ण होते. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस दिलेल्यांपैकी 91 टक्के दहा तासांत बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर 23 टक्के. आपल्याच शोधाच्या पुढची पायरी महाडच्याच डॉक्टरांनी दाखवली. 2022 मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

अलिबागच्या मुलांना बिरवाडी नकाशात दाखवायला लागत नाही, ती त्यांच्याच जिल्ह्यात आहे. आणि सेवाग्रामची पद्धतही आता त्यांच्या अभ्यासक्रमात आली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला, त्यात एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे साधारण पाच कुटुंबं सोपवायची आहेत. ‘रोम’चं झालं तेच याचं होऊ शकतं. एका दिवसात बसने जायचं, फॉर्म भरायचे, लॉगबुकवर सही घ्यायची आणि परतायचं, हे सहज जमण्यासारखं आहे.

तसं होऊ द्यायचं नसेल तर वेळापत्रक रायगडच्या जगण्याप्रमाणे आखावं लागेल. कातकरी वाडीवरची घरं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जातात. नोव्हेंबर ते मे या काळात भेटी ठेवल्या तर विद्यार्थ्याला कुलूप भेटेल, आणि ज्या पोराच्या कुपोषणाची नोंद हवी ते पोर दोन तालुके पलीकडे असेल. कोळीवाड्यात उलट. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा होड्या किनाऱ्याला आणि पुरुष घरात. वर्षभर बीपी-शुगर न तपासलेला तांडेल गाठायचा तर हीच वेळ. त्याच पावसात भातलावणीच्या चिखलात लेप्टोची जोखीम असते आणि सर्पदंशही वाढतात. म्हणजे कॉलेजने पावसाळ्यात मुलं बाहेर काढायला हवीत, नेमकी तेव्हाच जेव्हा सगळ्यांना आत राहावंसं वाटतं. आणि मुक्काम हवा. संध्याकाळी पाचची बस असली की विंचू चावलेला माणूस विद्यार्थ्याला कधीच भेटणार नाही, कारण तो बहुतेक वेळा रात्रीच येतो.

तुमच्या घरी असा पांढऱ्या कोटातला मुलगा किंवा मुलगी वही घेऊन आली, तर ओटीवर बसवा. दारू, तंबाखू, सोडलेली गोळी, पोराची राहिलेली लस, जे असेल ते खरं सांगा. आणि ती पुढच्या महिन्यात आली नाही, तर ‘आमची डॉक्टर कुठे आहे’ म्हणून कॉलेजला विचारा.