आबांची फाईल आणि आमचं लिनक्स

मागच्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या निपाणीच्या घरात दोन वाद चालू होते. एक चकलीच्या भाजणीचा. तो आईने आणि काकूने आपसात मिटवला. दुसरा लॅपटॉपचा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि आमचा २०१६चा लॅपटॉप विंडोज ११साठी नापास ठरला. प्रोसेसर सहाव्या पिढीचा, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचेच घेतं. मशीन तसं धडधाकट होतं. फक्त वय आडवं आलं.

धाकटा भाऊ पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला. त्याचं म्हणणं, नवीन गेमिंग लॅपटॉप घ्या. बाबांचं म्हणणं, पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगची फी तू भरणार का? मी बेळगावात नोकरी करते, ऑफिसात लिनक्स वापरते, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. मी म्हटलं, चार हजारांच्या आत काम होतं. कोल्हापूरहून एक एसएसडी आणि ४ जीबीची रॅम आणली (निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, हे वेगळं सांगायला नको). जुनी हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवली आणि नव्या एसएसडीवर लिनक्स मिंट बसवलं. तुम्ही कधी असं करणार असाल तर जुनी डिस्क पुसू नका. का ते पुढे येईलच.

ज्यांना लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं एवढंच ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा लिहून सगळ्यांसाठी खुला केला. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो. मिंट, उबुंटू, फेडोरा ही त्याच गाभ्याभोवती बांधलेली वेगवेगळी घरं. मिंटचं घर विंडोजवाल्यांना ओळखीचं वाटतं, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, बाकी सगळं जिथल्या तिथे. पेन ड्राइव्हवरून काही न बसवता आधी चालवूनही बघता येतं. आईने पहिल्या दिवशी फक्त एवढंच विचारलं, "यूट्यूब कुठं गेलं?" फायरफॉक्समध्ये दाखवलं, विषय संपला.

भाषा निवडताना एक गंमत झाली. लिनक्समध्ये मराठीची नोंद दोन तुकड्यांत होते. एम-आर म्हणजे मराठी, आय-एन म्हणजे भारत. राज्याचा रकानाच नाही! १ नोव्हेंबर १९५६पासून आमच्या भागाला चिकटलेला प्रश्न इन्स्टॉलरने विचारलाच नाही. पुढे कीबोर्डच्या यादीत मराठीसाठी एक मांडणी दिसली, 'कगप'. हे कन्नड गणक परिषदेचं लघुरूप. कन्नडसाठी केलेली मांडणी कुणीतरी मराठीलाही जुळवून दिली आहे. बाबा बराच वेळ हसत होते. मी स्वतः इनस्क्रिप्ट वापरते. त्यात 'के'च्या बटणावर मराठीत क येतो आणि भाषा बदलली की त्याच बटणावर कन्नड क. शाळेत दोन्ही लिप्या गिरवलेल्या आपल्या मुलांना ही मांडणी एकदा शिकली की दोनदा उपयोगी पडते.

गेमिंगचं खरं खरं सांगते, कारण इथे उगाच कौतुक करून कुणाचा भाऊ नाराज करायचा नाही. स्टीम लिनक्सवर चालतं. व्हॉल्व कंपनीने २०१८ साली 'प्रोटॉन' आणलं. ते विंडोजसाठी लिहिलेल्या गेमच्या मागण्या लिनक्सला समजतील अशा रूपात पोचवतं, ग्राफिक्सच्या सूचना व्हल्कनमध्ये बदलतं. २०२२मध्ये आलेला स्टीम डेक हा हातातला गेमिंग संगणक याच जोरावर चालतो. आमच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तरी स्टारड्यू व्हॅली मस्त चालतं आणि बाबांच्या काळची सायबर कॅफेतली व्हाइस सिटीही चालू झाली. बाबा त्या रात्री अकरापर्यंत बसले होते, हे आईला सांगू नका.

पण ज्या ऑनलाइन गेममध्ये चीटिंग पकडणारा प्रोग्राम सिस्टीमच्या गाभ्यात शिरून बसतो, तिथे प्रोटॉनचं काही चालत नाही. व्हॅलोरंट नाही, फोर्टनाइट नाही. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र थेट लिनक्ससाठीच मिळतात. भावाचा मित्रांबरोबरचा रोजचा गेम नेमका न चालणाऱ्यांत निघाला. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, तू आधी बघायला पाहिजे होतंस." बरोबर होतं त्याचं. प्रोटॉन-डीबी नावाच्या संकेतस्थळावर कुठला गेम कसा चालतो हे वापरणारेच लिहून ठेवतात, दहा मिनिटांचं काम होतं. आता त्या गेमसाठी तो शनिवारी मित्राकडे जातो.

दुकानातल्या संगणकाला मी हात लावला नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर, डिजिटल सहीचा टोकन, जुना हट्टी प्रिंटर, सगळं विंडोजला बांधलेलं. तिथे ऑक्टोबर २०२६पर्यंतची मुदतवाढ घेतली आहे. पुढचं पुढे.

आता आबांच्या फाईलबद्दल.

आबा, म्हणजे माझे आजोबा, तंबाखू लावायचे. १९८१ साली निपाणीत शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी हायवेवर ठिय्या दिला, तेव्हा आबा तिशीत होते आणि पहिल्या दिवसापासून रस्त्यावर होते. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, बारा शेतकरी गेले. आबा त्याबद्दल घरात फारसं बोलले नाहीत. पण साठी उलटल्यावर त्यांनी हळूहळू, एकेका बोटाने, चौसष्ट पानं टाइप केली. २०२२मध्ये आबा गेले. फाईल जुन्या डिस्कवर होती.

ती मिंटवर उघडली आणि आई दारातच थांबली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. चौसष्ट पानं नुसता कचरा. "आबांचं सगळं गेलं का गं?"

गेलं नव्हतं. त्या काळचे मराठी फॉन्ट म्हणजे मुखवटे. फाईलमध्ये साठवलेलं असायचं इंग्रजी अक्षरच, फॉन्ट त्यावर मराठी चेहरा चढवायचा. मुखवटा नसला की कचरा दिसतो. कपाटातली डिस्क जोडली, तिच्यातून तो फॉन्ट शोधून मिंटच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकला, आणि आबा परत दिसले. पण फोनवर, पुण्याच्या आत्याकडे, दुसऱ्या कुठल्याही संगणकावर पुन्हा तेच होणार. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये आणायचं ठरवलं. कन्व्हर्टरने मिनिटभरात चौसष्ट पानं बदलून दिली. पहिल्याच ओळीत होतं, 'शेतकर्यांनी'.

आपला ऱ्य हिंदीत लागत नाही, आणि कन्व्हर्टर बहुधा हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेला. त्यामुळे प्रत्येक शेतकऱ्याच्या डोक्यावर रफार बसला. सगळे 'र्य' एकदम बदलता येत नाहीत, कारण 'कार्यकर्ते' आणि 'सूर्य' बरोबरच असतात. 'शेतकरी'ची रूपं मी एका आदेशात बदलली, पण 'वाऱ्यावर', 'बिऱ्हाड', 'पायऱ्या', 'गाऱ्हाणं' असे शब्द आबांनी सढळ हाताने वापरलेले. ते डोळ्यांनीच वाचून काढावे लागतात.

ते काम आईने घेतलं. मी तिला इनस्क्रिप्टमधली दोनच बटणं शिकवली, शिफ्ट-जे म्हणजे ऱ आणि डी म्हणजे पाय मोडायचा. पुढचं अक्षर आपलं आपण जोडलं जातं. चष्मा लावून ती रोज जेवणानंतर बसते. मध्येच हाक मारून विचारते, "'तरवा' बरोबर आहे ना गं, का संगणकानं केलंय?" तो आबांचाच शब्द, तंबाखूच्या रोपांचा. एकदा म्हणाली, "माझ्या लग्नाआधीचे सासरे पहिल्यांदाच भेटायलेत." भाऊ नऊ वाजेपर्यंत आपली पाळी येण्याची वाट बघत शेजारी बसतो आणि अलीकडे तोही वाचतो.

सध्या एकेचाळिसावं पान चालू आहे. तिथे ६ एप्रिलची सकाळ सुरू होते. आधी दिवसाला दोन पानं व्हायची, आता आई एक परिच्छेद वाचते आणि लॅपटॉप भावाकडे सरकवते.